उपरण्याखालचं हसू

लढाईची ती सालं. शिमगा सरला की आमच्या कृष्णाकाठच्या गावातून हळदीच्या गाड्या सांगलीची वाट धरायच्या. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घासायची आणि पोत्यात भरायची, यात माणूस मेटाकुटीला यायचा. पण गाडी एकदा पेठेच्या तोंडाला लागली आणि तो वास नाकात शिरला की अंगातला शीण उतरायचा. हळदीच्या पेठेला रंग एकच. रस्ता पिवळा, भिंती पिवळ्या, बैलांच्या पापण्या पिवळ्या. हमालाच्या पाठीवरून घाम ओघळायचा तोसुद्धा पिवळा.

त्या पेठेत सौदा तोंडानं होत नसे. हातानं होई, आणि तोही झाकून. माल शेतकऱ्याचा, पण विकून द्यायचा तो अडत्यानं. अडत्या ढिगापाशी उभा राहायचा आणि खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर पसरायचा. मग खरेदीदार एकेक करून पुढे यायचे, उपरण्याखाली हात घालायचे आणि अडत्याची बोटं दाबून आपला दर सांगायचे. एक बोट दाबलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच, अशी ती भाषा. कुणी किती दर दिला ते दुसऱ्याला कळायचं नाही. सगळ्यांचे दर ठाऊक असायचे ते एकट्या अडत्याला, आणि ज्याचा दर वरचढ त्याचं नाव तो शेवटी पुकारायचा. म्हणून अडत्याचा चेहरा कसा पाहिजे, तर जमिनीत हळद साठवून तोंडावर माती लोटून बंद केलेल्या पेवासारखा. आत किती हळद आहे ते वरून दिसता कामा नये. भोवतीचे खरेदीदार त्याच्या भुवया, त्याचे ओठ, त्याच्या मानेची शीर टिपत असायचे. भुवई हलली की दर फुटला.

सबंध पेठेत असा बंद चेहरा धन्यकुमारअण्णांचा. चौगुल्यांचं जैन घराणं, सचोटीची अडत. आमच्या आज्याच्या वेळेपासून आमची हळद त्यांच्याच दुकानी लागायची. उपरण्याखाली कुणाचा हात गेला की अण्णांचे ओठ मिटायचे, डोळे मोठे व्हायचे आणि समोरच्यावर असे रोखले जायचे की नवखा खरेदीदार तिथल्या तिथं आणखी एक बोट दाबून मोकळा व्हायचा. अण्णांना हसताना पाहिलेला माणूस मला भेटला नव्हता. माझे चुलते हंबीरराव म्हणायचे, "अण्णा सोताच्या लग्नात बी हसलं नसतील. सासऱ्यानं भिऊन आणिक चार भांडी दिली असतील."

त्या अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बोटं थरथरू लागली, मग मनगट. कुठलं बोट दाबलं आणि कुठलं आपोआप हललं, ते त्यांचं त्यांना समजेना. पेठेत हात गेला म्हणजे अडत्या गेला. अण्णांना मुलगा एकच, जिनदत्त. पंचविशीचा, सडपातळ, मान खाली घालून चालणारा. आजवर तो पेढीच्या मागच्या बाजूला वखार सांभाळायचा. आता उपरणं त्याच्या खांद्यावर आलं, आणि त्याच्या पहिल्या सौद्यातला पहिला ढीग आमचा होता.

अथणीकडचा मोठा खरेदीदार बिराप्पा पुढे झाला. मिशा भरघोस, बोलणं तोडकं. त्यानं उपरण्याखाली हात घातला मात्र, जिनदत्तचे खांदे वर चढले. गाल फुगले, नाकपुड्या थरथरल्या, आणि तो हसला. गालातल्या गालात नव्हे. खदाखदा, कमरेत वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

पेठ थबकली. तोलाराच्या हातात काट्याची दोरी तशीच राहिली.

बिराप्पानं हात काढून घेतला. "काय झालं की ओ? दर लई कमी वाटला काय?"

जिनदत्त मान हलवत होता, पण हसण्यानं सगळं अंगच हलत होतं. मान हो म्हणते की नाही म्हणते ते कुणाला उमगेना.

"आमच्या दराला हसायलाय," बिराप्पा म्हणाला. "हसा. आमचा दर आमच्यापाशी." आणि तो ढिगापासून बाजूला झाला.

आता दुसऱ्यानं पुढे यायला हवं होतं. पण बाकीच्यांनी निराळाच अर्थ लावला. त्यांना वाटलं, बिराप्पानं असा घसघशीत दर दिला की पोराला आनंद मावेना. आता त्याच्यावर आपण कशाला चढा? एक जण तंबाखू मळत पांगला. दुसरा शेजारच्या ढिगाकडे वळला. एकाच हसण्यात एकाला अपमान दिसला, बाकीच्यांना सोनं दिसलं, आणि आमच्या ढिगापाशी आम्ही आणि आमचे बैल तेवढे उरलो.

हंबीररावकाकांनी बसकण मारली. "हळद कडू आसती ठावं हुतं," ते मला म्हणाले. "हसवती त्ये आज कळलं."

दुसऱ्या कुठल्या अडतीत माल न्यायला काका तयार होईनात. आज्यानं जोडलेलं घर एका हसण्यापायी सोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. हळद अण्णांच्या वखारीत टाकली, आणि काय होतंय ते बघायला काका मला दर बाजाराला सांगलीला धाडू लागले. मला तेच हवं होतं. त्या हसण्यानं माझी झोप उडवली होती. माणूस हसतो तो कशाला तरी हसतो. मग हा कशाला हसला?

पेठेत तर्कांना तोटा नव्हता. कुणी म्हणे पोराच्या डोक्यात बिघाड आहे. कुणी म्हणे पोर लबाड आहे, हसून दर वाढवायची नवी युक्ती काढली आहे. कुणी तर विहिरीवरची बाधा म्हणाला. मी नाथाजी हमालाला गाठलं. हा नाथाजी कवठे महांकाळकडचा. तिकडे पावसानं पाठ फिरवली की माणसं पाठीवर पोतं घ्यायला सांगलीला येतात. तसा तो आला आणि इथलाच झाला. चाळिशी आली तरी एकटाच. नखशिखांत पिवळा होऊन पोत्यावर बसायचा आणि म्हणायचा, "रोज हळद लागतीया गड्या, पर बाशिंग काय कुणी बांधंना."

त्याला मी जिनदत्तचं विचारलं. नाथाजीनं पागोट्याखाली डोकं खाजवलं. "हसणाऱ्याला कारण इचारू नये. रडणाऱ्याला इचारावं. त्यो सांगतो तरी."

"तुला ठावं हाय."

"मला लय ठावं हाय. म्हणून तर बोलत न्हाई."

जो माणूस दिवसभर बोलतो तो एका गोष्टीवर गप्प बसला, की त्या गोष्टीत काहीतरी आहे असं समजावं. पण त्यानं दुसरी एक बातमी दिली, आणि ती साऱ्या पेठेनं ऐकली होती. अण्णांनी पेढीवर बसून सगळ्यांदेखत सांगितलं होतं की अक्षय्य तृतीयेपर्यंत पोराचा सौदा नीट झाला तर गादी त्याची. नाहीतर निपाणीहून पुतण्याला बोलावणार, उपरणं त्याच्या खांद्यावर, आणि जिनदत्तनं जन्मभर वखारीतली पोती मोजावीत.

पुढच्या खेपेला मी वखारीत गेलो तर जिनदत्त हमालांच्या रांगेत. मालकाचा एकुलता एक मुलगा, पाठीवर हळदीचं पोतं, मान वाकलेली. मला काही कळेना. दुपारी सगळे सावलीला बसले तेव्हा मी सदऱ्याच्या खिशातले फुटाणे काढले आणि त्याच्या हातावर ठेवले. ठेवताना माझी बोटं त्याच्या बोटांना घासली. तो जो फिसकन हसला ते फुटाणे सगळे भुईवर.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत राहिला.

"हाताला लागलं की?" मी विचारलं.

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. "कुणापाशी बोलू नगा. ल्हानपणापासनं हाय ह्ये. हाताला कुणाचं बोट लागलं की अंगात मुंग्या उठत्यात आन हसू फुटतंय. अण्णा म्हंत्यात, पेठंला कळलं तर पेठ आपलं खेळणं करील. मुद्दाम बोटं फिरवतील, हसवत बसतील आन सौदा काढून नेतील."

"आन ही पोती?"

"नाथाजी म्हणला, हाताला घट्टं पडलं की काय कळत न्हाई." त्यानं तळवे पुढे केले. घट्टे चांगले पडले होते. मग त्यानं बोटं फाकवली. "तळव्याचं गेलं. बेचक्यातलं ऱ्हायलं. बेचक्यात पोतं कसं घ्यायचं?"

नाथाजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता, तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "सुतळी वळायला लावतो आता."

एकदा गाठ सुटल्यावर जिनदत्त बोलत गेला, आणि मी ऐकत गेलो. शाळेत गुरुजी छडी मारायला हात धरायचे तेव्हा तो हसायचा, म्हणून त्याला सगळ्यांहून जास्त छड्या. जोशाला हात म्हणून कधी दाखवला नाही. लग्नात हातावर हात ठेवायची वेळ आली आणि भर मांडवात तो हसत सुटला. व्याही रुसले. गुणमाला, त्याची बायको, तिला वाटलं आपल्या रूपाला हसतोय. सासरी आल्यावर किती दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग एकदा ताकाचा तांब्या त्याच्या हातात देताना तिच्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून ती त्याची पाठराखीण झाली.

"आता ती रोज वाळूनं बोटं घासती माझी."

"मग तवा हसू येत न्हाई?"

"येतंय की. मला बघून ती बी हसती. शेजारी म्हंत्यात, चौगुल्याच्या घरात नवराबायकोचं लय गोड हाय."

आमच्या गावचा लालासाहेब फौजेतून रजेवर आला होता. त्याला मी, नाव न घेता, इलाज विचारला. तो म्हणाला, परेडीत हसू आलं की जीभ टाळूला दाबून धरायची, हवालदाराचा बाप आला तरी हसू फुटत नाही. मी तो इलाज सांगलीला पोचवला. जिनदत्तनं जीभ दाबली, नाथाजीनं त्याचं बोट दाबलं. हसू आलंच, वर उचकी लागली ती दिवेलागणीपर्यंत.

मला राहवेना म्हणून मी त्याला विचारलं, "हसताना बरं वाटतं का रं?"

त्यानं पुष्कळ वेळ विचार केला. विचार करायची त्याला सवयच होती. "तुमी हसता तवा कायतरी बघून हसता. चार माणसं मिळून हसता. माझं हसू कशाकडं बघत न्हाई. भोवतीनं समदी दगडावानी उभी असत्यात आन मी एकटा हसतोय. आत रडायच्या घाईला आलेला असतो."

हे ऐकून मी गाडी घेऊन परत निघालो तेव्हा वाटभर तेच मनात घोळत होतं. हसू म्हणजे मला मोटेच्या पाण्यासारखं वाटायचं. आत भरलेलं असतं, कुणीतरी ओढतं, आणि थारोळ्यात फसफसत येतं, सगळ्या वाफ्यांना मिळतं. ह्याचं हसू मात्र विहीर कोरडी असून वाजणाऱ्या चाकासारखं. आवाज तोच. पाणी कुणालाच नाही.

नाथाजीनं हे मनाला लावून घेतलं. ज्याला बोट लावलं तर हसतो त्याला शब्दानं हसवून दाखवायचं, असा त्यानं पण केला. आणि तिथं त्याचं काही चालेना. एकदा मी बसलेलो असताना तो म्हणाला, "आमच्याकडं पाऊस इतका कमी, इतका कमी, की बेडकं म्हातारी झाली तरी त्यास्नी पवायला येत न्हाई."

आम्ही सगळे हसलो. जिनदत्तच्या कपाळाला आठी पडली. "मग पाऊस आल्यावर बुडत असतील की वं."

तो मनापासून काळजीत पडला होता. त्या तोंडाकडे बघून हमाल पोत्यांवर लोळले. नाथाजीच्या डोळ्यांतून पिवळं पाणी आलं. आणि जिनदत्त एकेकाकडे बघत होता, आपण काय बोललो म्हणून.

अक्षय्य तृतीया तोंडावर आली. मधल्या दोन सौद्यांत पुन्हा तसंच झालं होतं, आणि अडतीतले निम्मे शेतकरी गेले होते. निपाणीला जायला माणूस ठरला. सणाच्या सकाळी त्यानं निघायचं. आदल्या दिवशी हंबीररावकाका स्वतः आले. "जे व्हायाचं ते आपल्या ढिगावर हूं दे," म्हणाले, आणि हळद वखारीतून काढून अंगणात ओतली. राजापुरी हळद, मोडली तर आत केशरी. ती बघून खरेदीदार आले. बिराप्पाही आला, पण चार हात लांब उभा राहिला.

अण्णा पेढीवर बसले होते. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. जिनदत्तनं उपरणं पसरलं.

बिराप्पा पुढे आला. "आज हसला, तर परत ह्या दुकानाची पायरी चढणार न्हाई बघा," असं बजावून त्यानं हात घातला.

जिनदत्तनं पायाची बोटं मातीत रोवली. मान ताठ झाली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढा वेळ त्यानं हसू आजवर कधी धरून ठेवलं नव्हतं. मग बांध फुटला.

बिराप्पाच्या मिशा थरारल्या. तो हात काढून घेऊ लागला, पण हात निघेना. उपरण्याखाली जिनदत्तनं तो गच्च धरला होता. हसत, धापा टाकत, डोळ्यांतून पाणी गाळत तो म्हणाला, "आवं, दराला हसत न्हाई मी. गुदगुल्या व्हत्यात मला."

पेढीवर अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"काय व्हत्यात?" बिराप्पा म्हणाला.

"गुदगुल्या. हातात. ल्हानपणापासनं."

बिराप्पानं उपरण्याकडे पाहिलं. मग आपल्या दंडाकडे पाहिलं, जणू पुढचा हात दुसऱ्या कुणाचा आहे. "मी गुदगुल्या केल्या?"

"व्हय."

"मी?" त्यानं दुसऱ्या हातानं मिशी चाचपली. "घरात सांगिटलं तर बायको खरं धरायची न्हाई."

पोत्यांच्या थप्पीवरून नाथाजीचा आवाज आला, "बिराप्पाअण्णा, इतकी वर्सं आमी बी हितंच हाय. आमास्नी कवा न्हाई केल्या."

अंगणात खसखस पिकली. जिनदत्तनं मात्र बिराप्पाला समजावून सांगायला घेतलं, अगदी मनापासून, "तुमचं तसं बरं हाय. बोट जाड हाय, त्यामुळं कमी हुतंय. ह्येंचं भ्या वाटतंय मला." आणि त्यानं मागे उभ्या असलेल्या एका किडकिडीत खरेदीदाराकडे मान केली.

त्या किडकिडीत माणसानं आपली बोटं डोळ्यांपुढे धरून पाहिली, आणि पेठ जी हसली. तोलार हसला, गाडीवान हसले, बिराप्पाची मिशी वरच्या वर उडाली. जिनदत्त हसत होताच. पण आता भोवतीची माणसं दगडासारखी उभी नव्हती. त्यानं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मला त्याचं तोंड समोरून दिसत होतं. डोळे पाण्यानं भरले होते आणि तो चकित झाला होता.

बिराप्पानं आपला दर दाबला. मग किडकिडीत आला, हात पुसून, आधीच हसत. मग आणखी एक. प्रत्येक जण जाताना काहीतरी बोलत होता, आणि जिनदत्त प्रत्येकाला सरळ उत्तर देत होता, आणि त्या सरळ उत्तरावर पेठ पुन्हा हसत होती.

अण्णांना ज्याची धास्ती होती तेही झालंच. एक तरणा खरेदीदार आला आणि उपरण्याखाली मुद्दाम बोटं फिरवू लागला. जिनदत्त दुमडला, तोल जाऊन ढिगावर बसला, पण हात सोडला नाही. तसाच बसल्या बसल्या म्हणाला, "तुमी दाबाल ती बोटं मी मोजतोय बरं का. रीत हाय. आता कुठवर गेलाय ठावं हाय का?"

तो तरणा एकदम थांबला. उपरण्याखाली दाबलेलं बोट म्हणजे दिलेला शब्द, ही पेठेची रीत त्याच्याही बापजाद्यांची. त्याच्या कपाळावर घाम आला. "चेष्टा केली वं. एवढ्या बारीला सोडा."

"सोडतो," जिनदत्त म्हणाला. "पर दराची बोटं येगळी दाबा, चेष्टेची येगळी. माझा घोटाळा हुतोय."

काका माझ्या कानाशी लागले. "बघ की रं. समद्यांला सारखाच हसतोय. मग कुणाचा दर काय, कळायचं कसं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गच्च बंद केलेलं पेव आणि काठोकाठ ओसंडणारं पेव, दोन्हींत आत किती आहे ते वरून कळत नाही. अण्णांचा चेहरा कुणाला वाचता आला नव्हता. आता ह्याचाही येत नव्हता. जिनदत्त उठला, अंगावरची हळद झटकली, उचकी देत देत बिराप्पाचं नाव पुकारलं, आणि आमचा ढीग विकला गेला. दर चोख मिळाला.

तेवढ्यात हसणं पुढून मागे विरत गेलं. अण्णा पेढीवरून खाली उतरले होते. माणसांनी वाट दिली. ज्या गोष्टीवर त्यांनी जन्मभर झाकण ठेवलं होतं ती पोरानं भर अंगणात सांगून टाकली होती, आणि आता ते काय बोलतात इकडे सगळ्यांचे कान लागले. ते सरळ पुढे आले, खरेदीदार उभा राहतो तसे मुलासमोर उभे राहिले, आणि थरथरता उजवा हात त्यांनी उपरण्याखाली घातला.

ती थरथर म्हणजे गुदगुल्यांचं मोहोळच. जिनदत्तचे खांदे वर गेले. मग खांदे हळूहळू खाली आले. तो हसला नाही. पुढे केव्हातरी मी त्याला कारण विचारलं, तर म्हणाला, "त्यो हात मी रोज बघतो. ताटात भाकरी मोडून ठेवतो. हात लागला तशी आधी त्येची काळजी वाटली, मग बाकीचं." त्या वेळी त्यानं घरी कधी केलं नव्हतं ते केलं. कंप थांबावा म्हणून वडिलांच्या बोटांत आपली बोटं गुंतवून हात धरला.

अण्णांचे ओठ मिटले. डोळे मोठे झाले. तीच ती नजर. सवयीनं दोन-तीन खरेदीदार मागे सरले. आणि मग अण्णांच्या नाकातून एक आवाज आला, भात उतू जाताना झाकण उडतं तसा, आणि धन्यकुमारअण्णा हसले. मान मागे टाकून, बोळकं उघडं टाकून, मुलाइतकंच मोठ्यानं.

हसायला कुणाला सुचेना. बिराप्पाच आधी सावरला. "यप्पा. म्हंजे तुमास्नी बी?"

अण्णांनी डाव्या हातानं डोळे पुसले. "उभा जलम. दाढंखाली लवंग चावून धरायचो आन डोळं वटारायचो. दाढा पडल्या आन लवंग धरायला जागाच ऱ्हायली न्हाई."

"तुमच्या डोळ्यांला भिऊन मी किती बोटं जास्तीची दाबली असतील," बिराप्पा सावकाश म्हणाला.

"ती आता माघारी मिळायची न्हाईत."

मग पेठ हसली ते बघायला हवं होतं. पण मी जिनदत्तकडे बघत होतो. तो हसतही नव्हता आणि रडतही नव्हता. एवढी वर्षं एका छपराखाली एकच गोष्ट दोघांनी दोन बाजूंनी झाकली होती. गुणमालेच्या ती ध्यानात आली, ताकाचा तांब्या देताना. बापाच्या हातात पोरानं कधी काही दिलं नसेल का? दिलं असणार. पण आपण ज्याला भितो त्याच्या हातात वस्तू ठेवताना बोट लागू देत नाही.

"मला का सांगितलं न्हाई?" जिनदत्तनं हळूच विचारलं.

अण्णांनी हात काढून घेतला नव्हता. "मला वाटलं, लवंगंनं भागंल तुझं बी. तू तिखट खाईत न्हाईस त्ये मागनं ध्यानात आलं."

मग त्यांनी निपाणीला जाणाऱ्या माणसाला हाक मारली. तो चाकाला वंगण लावत बसला होता. "ऱ्हाऊ दे ते. गाडी मागारी लाव." त्यांनी उन्हाकडे पाहिलं. "अजून दोन ढीग बाकी हायत. दिवस बुडायच्या आत जेवायचं हाय आमास्नी. जिना, उपरणं नीट कर."

आणि ते पेढीकडे परत गेले नाहीत. नाथाजीनं पोतं झटकून दिलं त्यावर मुलाशेजारीच बसले, उजवा हात मांडीवर मोकळा ठेवून, त्याला थरथरायचं तेवढं थरथरू देत. पुढच्या ढिगाचा शेतकरी पुढे झाला. खरेदीदार सरसावले. पहिला होता तो धोतराला हात पुसत होता आणि ओठ दाबत होता, आपल्याला आधी हसू फुटू नये म्हणून.